जुन्या वॉशिंग मशीनचा टायमर काढून मायक्रोकंट्रोलर कसा बसवावा

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं वॉशिंग मशीन उघडलं की त्यातला दणकटपणा लगेच नजरेत भरतो. स्टेनलेस स्टीलचा ड्रम, तोल सांभाळणारं बिडाचं किंवा काँक्रीटचं वजन, तांब्याच्या जाड तारेत गुंडाळलेली मोटर. बेअरिंग आणि रबरी सील बदललं तर हे सगळं पुढची अनेक वर्षं चालू शकतं. अडतं ते टायमरपाशी. टायमर म्हणजे एक छोटी सिंक्रोनस मोटर, तिने सावकाश सरकवलेला कॅमचा (खाचा-उंचवटे असलेल्या चकत्यांचा) दांडा आणि त्या कॅमवर टेकलेल्या पितळी पट्ट्या. पट्ट्यांची टोकं ठिणग्यांनी जळतात, कॅम झिजतात आणि नेमका त्या मॉडेलचा टायमर आता कुठे मिळत नाही. एवढ्यासाठी धडधाकट मशीन भंगारात जातं, आणि ते पाहवत नाही.

प्रोग्राम बदलता यावा ही इच्छा जुनीच आहे. १९६० च्या दशकातल्या हूव्हर कीमॅटिकमध्ये कडेला खाचा असलेली प्लास्टिकची पट्टी घालून धुण्याचा प्रकार निवडत असत. आज तेच काम मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम भरता येणारी नखाएवढी चिप, करते आणि लोकरीसाठी वेगळा, बाळाच्या लंगोटांसाठी वेगळा असे हवे तेवढे प्रोग्राम त्यात बसतात. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका: प्रोग्राम चिपकडे द्यायचा, सुरक्षा द्यायची नाही. पाणी ओसंडणं, हीटर कोरडा तापणं, ड्रम फिरत असताना दार उघडणं हे धोके तारांच्या जोडणीतच थांबले पाहिजेत. कोड कितीही चांगला असला तरी तो अडकू शकतो.

काम २३० व्होल्टचं आहे, काही देशांत १२० चं, आणि शेजारी पाणी आहे. मशीनला ३० मिलिअँपिअरचं आरसीडी संरक्षण, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवंच. उघड्या मशीनमध्ये हात घालण्याआधी नुसता स्विच बंद करू नका, प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवा. मेन्सचं वायरिंग कधी केलं नसेल तर तो भाग जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बाकीचं काम तरीही भरपूर उरतं.

आधी यंत्र तपासा

ड्रम हाताने फिरवा. घरघर ऐकू आली किंवा ड्रम वर-खाली हलला तर बेअरिंग गेलंय, ते आधी. पट्टा, शॉकअ‍ॅबसॉर्बर, होसपाइप, दाराचं रबर पाहून घ्या. बाहेरची टाकी गंजून भोकं पडली असतील तर या मशीनवर कष्ट घेऊ नका.

फार जुन्या यंत्रात दोन गोष्टी जपून हाताळा. १९८० च्या आधीच्या तेल भरलेल्या कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं. तो फुगला किंवा गळत असेल तर हातमोजे घालून काढा आणि घातक कचऱ्यात द्या. काही झाकणांच्या स्विचमध्ये पाऱ्याची काचनळी असते, तीही फुटू देऊ नका. एरवीही कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याच्या दोन टोकांना काही किलो-ओहमचा, चांगल्या वॅटचा रेझिस्टर टेकवून तो रिकामा करा आणि मीटरने खात्री करा.

तारांचा नकाशा

टायमरची एकही तार सुटी करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधा. मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला किंवा पुढच्या पॅनेलमागे घडी घालून ठेवलेला सर्किटचा कागद अनेकदा सापडतो. त्यावर कोणता कॅम कोणत्या पायरीला जुळतो याचा तक्ता असतो. तो मिळाला तर निम्मं काम झालं, कारण मूळ प्रोग्रामच हातात आला.

कागद नसेल तर मल्टीमीटरने भाग ओळखा. २३० व्होल्टवरचा २ किलोवॅटचा हीटर साधारण २६ ओहम दाखवतो. पाण्याच्या व्हॉल्व्हची कॉइल काही हजार ओहमची, सांडपाण्याचा पंप शंभर-दोनशे ओहमच्या आसपास. हीटरची आणखी एक चाचणी घ्या: त्याचं एक टोक आणि बाहेरचं धातूचं आवरण यांमधला रोध ५०० व्होल्टच्या इन्सुलेशन टेस्टरने मोजा. जुन्या हीटरमध्ये ओल शिरलेली असते. साध्या मीटरला ती दिसत नाही आणि नंतर आरसीडी विनाकारण उडतोय असं वाटत राहतं.

टायमर अजून थोडाफार चालत असेल तर तो काढण्याआधी एक पूर्ण धुणं लावा आणि घड्याळ घेऊन समोर बसा. किती वेळ पाणी, किती सेकंद उजवीकडे, किती थांबा, किती सेकंद डावीकडे, कितीदा विसळणं, हे सगळं लिहून घ्या. त्या काळच्या इंजिनिअरांनी कापड, पावडर आणि मोटरचं तापमान पाहून या वेळा ठरवल्या होत्या. नवीन प्रोग्राम लिहिताना हीच वही पाया म्हणून वापरा.

कोडच्या हाताबाहेरची साखळी

आता मुख्य काम. भिंतीतून आलेली फेज आधी फ्यूज आणि दोन्ही तारा तोडणाऱ्या मेन स्विचमधून जाते. प्लग उलटा बसू शकतो अशा ठिकाणी दोन्ही तारा तुटणं अत्यावश्यक आहे. तिथून फेज दाराच्या कुलपात. बऱ्याच कुलपांत गरम होणारी पीटीसी गोळी आणि द्विधातूची पट्टी असते. कुलूप खरोखर लागलं की मगच त्याचा संपर्क जुळतो, आणि वीज गेल्यावरही ते मिनिट-दोन मिनिटं सुटत नाही. मोटर, हीटर आणि व्हॉल्व्ह यांची फेज या संपर्कापुढूनच घ्या. चिपने काहीही आज्ञा दिली तरी दार उघडं असताना ड्रम फिरणार नाही. मशीनला कुलूपच नसेल तर नव्या मशीनचं बसवा. लाकडी ठोकळे आणि पत्र्याची पट्टी वापरून ते बसतं, थोडी कलाकुसर लागते.

हीटरच्या वाटेत, रिलेच्या (चिपच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचच्या) जोडीला, पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या प्रेशर स्विचचा ‘पाणी भरलं’ हा संपर्क आणि एक थर्मल कटआउट (फार तापल्यावर वीज तोडणारा भाग) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, राहू द्या. व्हॉल्व्हच्या वाटेत ‘पाणी फार झालं’ या पातळीला तुटणारा संपर्क घाला. त्याच पातळीला जुळणारा दुसरा संपर्क असेल तर तो पंपाला थेट द्या, म्हणजे ओसंडायच्या आधीच पंप आपोआप सुरू होईल.

एक खाच इथे लक्षात घ्या. प्रेशर स्विच आणि पाण्याची पातळी मोजणारा नवा सेन्सर एकाच रबरी नळीवर टी-जोड लावून बसवतात. ती नळी निसटली तर दोघांनाही टाकी रिकामी वाटते आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. म्हणून मशीनच्या तळाशी एक ट्रे आणि त्यात तरंगता फ्लोट स्विच ठेवा, तोही व्हॉल्व्हच्या सिरीजमध्ये. तळात पाणी आलं की भरणं बंद. पाण्याच्या बाबतीत इतका भरवशाचा बंदोबस्त मला दुसरा माहीत नाही.

चिप अडकली तर सगळे रिले सुटले पाहिजेत. चिपमधला वॉचडॉग (कोड अडकला की चिप पुन्हा सुरू करणारा भाग) चालू ठेवाच, पण एक मुख्य रिले असा जोडा की कोड सतत चालू-बंद स्पंदनं देत राहील तेवढाच वेळ तो धरलेला राहील. एका कपॅसिटरमधून स्पंदनं पाठवून दोन डायोडनी दुसरा कपॅसिटर भरायचा आणि त्याने ट्रान्झिस्टर चालवायचा, एवढंच हे सर्किट. पिन वर अडकली काय किंवा खाली अडकली काय, कपॅसिटर रिकामा होतो आणि रिले सुटतो.

मोटर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण मोटरचा प्रकार ओळखण्यात चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं. कार्बन ब्रश दिसत असतील तर ती युनिव्हर्सल मोटर. ब्रश नाहीत, शेजारी मोठा कपॅसिटर आहे आणि बऱ्याच तारा बाहेर येतात, तर दोन वेगांची इंडक्शन मोटर.

इंडक्शन मोटर सोपी आणि टिकाऊ. तिच्यात दोन स्वतंत्र गुंडाळ्या असतात. उदाहरणार्थ, २ पोलची पिळण्यासाठी आणि १६ पोलची धुण्यासाठी. ५० हर्ट्झला त्यांचे सिंक्रोनस वेग मिनिटाला ३००० आणि ३७५ फेरे होतात, प्रत्यक्षात थोडे कमी. दोन्ही गुंडाळ्यांना एकाच वेळी वीज मिळाली तर मोटर जळते. ते कोडमध्ये टाळू नका, जोडणीतच अशक्य करा. पहिला रिले नुसता चालू-बंद. त्याच्या पुढे दोन बाजूंचा चेंजओव्हर रिले: एका बाजूला हळू, दुसऱ्या बाजूला जलद. त्यापुढे हळू गुंडाळीसाठी दिशेचा चेंजओव्हर रिले. या रचनेत दोन वेग एकत्र लागूच शकत नाहीत. वेगाचा आणि दिशेचा रिले नेहमी पहिला रिले बंद असताना बदला, म्हणजे त्यांच्या संपर्कांवर ठिणगी पडत नाही आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. दिशा बदलताना मधे दोन-तीन सेकंद ड्रम थांबू द्या. ही मोटर डिमरने किंवा साध्या फ्रिक्वेन्सी ड्राइव्हने चालवण्याच्या फंदात पडू नका. कपॅसिटरच्या मोटरला ते मानवत नाही.

युनिव्हर्सल मोटरचा वेग मात्र हवा तसा बदलता येतो. त्यासाठी ट्रायॅक (मेन्सची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), उदाहरणार्थ बीटीए१६-६००, उष्णता काढणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवा आणि त्याला एमओसी३०२१ या ऑप्टोकपलरने, म्हणजे चिप आणि मेन्स यांना वेगळं ठेवून प्रकाशाने इशारा देणाऱ्या भागाने, चालवा. एमओसी३०४१ दिसायला तसाच असतो, पण तो फक्त व्होल्टेज शून्याच्या आसपास असतानाच ट्रायॅक सुरू करतो, त्यामुळे वेग नियंत्रणाला निरुपयोगी. व्हॉल्व्ह आणि पंप चालवायला तोच उत्तम. मेन्सचा व्होल्टेज शून्यातून जातो तो क्षण दुसऱ्या ऑप्टोकपलरने टिपायचा आणि तिथून किती उशिरा ट्रायॅक पेटवायचा हे कोडने ठरवायचं. ५० हर्ट्झला अर्ध आवर्तन १० मिलिसेकंदांचं असतं, ६० हर्ट्झला ८.३. सुरुवात उशिराच्या टोकापासून करा, ५० हर्ट्झला साधारण ८ मिलिसेकंदांपासून, आणि हळूहळू पुढे या. शेवटचं अर्धं-एक मिलिसेकंद वापरू नका. तिथे दिलेला इशारा पुढच्या अर्ध्या आवर्तनात घुसला की मोटर एकदम पूर्ण जोराने पळते.

मोटरच्या मागच्या टोकाला वेग मोजणारा टॅको असतो, म्हणजे एक चुंबक आणि कॉइल. त्याचा सिग्नल रेझिस्टर आणि डायोडनी मर्यादेत ठेवून एलएम३९३ सारख्या कंपॅरेटरमधून (सिग्नलचे स्पष्ट चालू-बंद ठोके करणाऱ्या चिपमधून) मायक्रोकंट्रोलरला द्या. ही तार पिळलेली आणि शिल्डेड हवी, मोटरच्या तारांपासून दूर. भार नसलेली युनिव्हर्सल मोटर स्वतःला मोडून घेईल इतकी वेगाने पळू शकते, म्हणून ट्रायॅक चालू असताना अर्ध्या सेकंदात टॅकोचं स्पंदन आलं नाही तर मुख्य रिलेच सोडा. दिशा बदलायची तर रोटरच्या दोन तारा रिलेने उलट करायच्या, अर्थात मोटर थांबलेली असताना.

ड्रमचे वेग गणिताने ठरतात. ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर धरली तर मिनिटाला सुमारे ६१ फेऱ्यांना ड्रमच्या भिंतीपाशी कपड्यांवरचा केंद्रापसारक जोर गुरुत्वाएवढा होतो. त्याखाली, साधारण ४५ ते ५५ फेऱ्यांना, कपडे वर जाऊन पाण्यात आपटतात आणि धुणं होतं ते या आपटण्यानेच. ८५ ते ९० फेऱ्यांना ते भिंतीला चिकटून पसरतात. पिळण्याआधी इथे काही सेकंद थांबायचं आणि एका फेरीत वेग किती खाली-वर होतो ते टॅकोवरून पाहायचं. चढउतार जास्त असेल तर भार एका बाजूला गोळा झालाय. थांबून, उलट-सुलट हलवून पुन्हा प्रयत्न करायचा. तीन-चारदा जमलं नाही तर कमी वेगावरच पिळायचं. ८०० फेऱ्यांना हा जोर गुरुत्वाच्या १७० पट होतो. एका बाजूला साचलेल्या एक किलो ओल्या टॉवेलचा ओढा तेव्हा किती असेल याचा हिशेब करा, मग या पायरीला फाटा द्यावासा वाटणार नाही. जुन्या मशीनचा मूळ कमाल वेग ओलांडू नका. त्याची टाकी, स्प्रिंगा आणि वजन त्या वेगासाठीच आहेत.

पाणी आणि तापमान मोजणं

पाण्याच्या पातळीसाठी एमपीएक्स५०१० हा ० ते १० किलोपास्कलचा सेन्सर छान चालतो. ५ व्होल्टवर तो दाब नसताना ०.२ व्होल्ट देतो आणि दर किलोपास्कलला ०.४५ व्होल्टने वाढतो. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ९८ पास्कल, म्हणजे सेंटिमीटरमागे साधारण ४४ मिलिव्होल्ट. चिप ३.३ व्होल्टची असेल तर मधे दोन रेझिस्टरचा विभाजक घाला. नळीत कुणी जोरात फुंकलं तरी पिन जळायला नको. नळीचं खालचं टोक हवेच्या डबीला जोडलेलं असतं आणि ती डबी साबणाच्या चिकट थराने हमखास तुंबते. ती आधी गरम पाण्याने साफ करा. दर धुण्याच्या सुरुवातीला पंप चालवून टाकी रिकामी झाली की शून्य नव्याने नोंदवा.

तापमानाला मूळ एनटीसी (तापल्यावर रोध कमी होणारा सेन्सर) असेल तर तोच ठेवा. त्याचा रोध गार आणि गरम पाण्यात थर्मामीटर धरून मोजा आणि तक्ता कोडमध्ये भरा. नसेल तर जलरोधक डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर चालतो, फक्त तो टाकीतल्या पाण्याला खरोखर टेकलेला हवा.

बोर्ड

चिप कोणतीही चालेल. अर्डुइनो नॅनो हा तयार बोर्ड पुरतो, फोनवरून पाहायचं असेल तर वायफाय असलेला ईएसपी३२. ईएसपी३२ च्या काही पिना वीज येताच क्षणभर हलतात आणि त्यावर रिले ठोकला जातो. म्हणून ०, २, ५, १२, १४ आणि १५ या पिना रिलेला देऊ नका, आणि प्रत्येक आउटपुटला १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावून ‘बंद’ स्थितीकडे ओढून ठेवा.

हीटर ८.७ अँपिअर घेतो. १० अँपिअर लिहिलेल्या तयार निळ्या रिले बोर्डवर तो भार तासन् तास टाकू नका, कारण बोर्डवरचे तांब्याचे मार्ग तेवढे जाड नसतात. १६ अँपिअरचा वेगळा रिले घ्या आणि त्याच्या तारा बोर्डवरून न नेता थेट टर्मिनलवर आणा. रिलेच्या कॉइलवर डायोड, व्हॉल्व्ह आणि पंपावर १०० ओहम व १०० नॅनोफॅरडचा स्नबर (व्होल्टेजचे झटके शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. त्यात एक्स२ दर्जाचाच, म्हणजे थेट मेन्सवर लावण्यासाठी बनवलेला, कपॅसिटर हवा. मेन्स आणि कमी व्होल्टेजच्या भागांत किमान ८ मिलिमीटर अंतर सोडा. बोर्ड वरच्या कोपऱ्यात, वाफेपासून दूर, झाकण असलेल्या डब्यात ठेवा. तारा खालून आत घ्या, म्हणजे ओघळणारं पाणी डब्यात शिरत नाही.

प्रोग्राम

कोडमध्ये ‘इतका वेळ थांब’ अशा आज्ञा लिहू नका. थांबलेला कोड पाणी पाहत नाही. प्रत्येक टप्प्याला चार गोष्टी द्या: काय चालू, कशावर पुढे जायचं, जास्तीत जास्त किती वेळ आणि वेळ संपली तर काय. उदाहरणार्थ, भरणे: गार पाण्याचा व्हॉल्व्ह चालू, पातळी १२ सेंटिमीटर झाली की पुढे, ६ मिनिटांत न झाली तर व्हॉल्व्ह बंद आणि सूचना. तापवणे: २० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॅटला गणिताने २८ मिनिटं लागतात. उष्णता वाया जाते म्हणून मर्यादा ४५ मिनिटं. पिळणे: पातळी शून्य आणि पंप चालू असल्याशिवाय सुरूच नाही.

टप्पा बदलला की त्याचा क्रमांक कायमच्या मेमरीत लिहा. वीज जाऊन आली की मशीनने आपणहून पुढे पळू नये. आधी पातळी पाहावी, ड्रम थांबल्याची खात्री करावी आणि माणसाने बटण दाबल्यावर त्या टप्प्याच्या सुरुवातीपासून पुढे जावं. फोनवरून प्रगती दिसू द्या, पण घरात कुणी नसताना सुरू करण्याची सोय मी देणार नाही.

चाचण्या

मोटर आणि हीटर जोडण्याआधी एका फळीवर बल्बचे होल्डर ठोका: गार पाणी, गरम पाणी, पंप, हीटर, उजवीकडे, डावीकडे, पिळणे. साधे तारेचे बल्ब लावा. सेन्सरच्या जागी पोटेंशिओमीटर. कोडचं घड्याळ साठपट जलद करून पूर्ण धुणं त्या फळीवर चालवा. तासाभराचं धुणं मिनिटभरात डोळ्यांसमोरून जातं: गार पाण्याचा बल्ब लागतो, पोटेंशिओमीटर फिरवताच विझतो, मग उजवा-डावा आळीपाळीने. दोन बल्ब एकत्र लागू नयेत तिथे लागले की चूक लगेच दिसते, आणि जळत काहीच नाही.

मग मशीनला जोडा, पण पहिल्यांदा वीज देताना फेजमध्ये १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा आणि एकेक भाग वेगळा चालवून पाहा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, एवढंच. त्यानंतर पट्टा काढून मोटर, पट्टा घालून रिकामा ड्रम, नुसतं पाणी आणि शेवटी जुने टॉवेल.

आता मुद्दाम बिघाड करा. नळ बंद ठेवा. सेन्सरची नळी काढा. ड्रम हळू फिरत असताना टॅकोची तार सोडा. पिळताना प्लग उपसा आणि दार लगेच उघडतं का ते पाहा. पाणी भरत असताना चिपचं रिसेट बटण दाबून धरा. तळाच्या ट्रेमध्ये पेलाभर पाणी ओता. प्रत्येक वेळी मशीन सुरक्षित थांबलंच पाहिजे. एकदा जरी थांबलं नाही तर कपडे घालू नका. तो दोष कोडमध्ये न मिटवता आधी जोडणीत मिटवा.

शेवटी प्लगची अर्थची पिन आणि ड्रम, टाकी, मोटर, हीटरचं आवरण, बाहेरचा पत्रा यांतला रोध मोजा. तो एका ओहमच्या बराच खाली हवा. रंग खरवडल्याशिवाय पत्र्याशी अर्थिंग नीट जुळत नाही. नवं सर्किट कागदावर काढून मागच्या पत्र्याच्या आत चिकटवा आणि जुना टायमर चिठ्ठ्यांसकट जपून ठेवा. पुढे कुणाला मशीन मूळ रूपात आणायचं असेल तर लागेल. गरम पाण्याची काही धुणी झाली की प्लग काढून हीटरची टर्मिनलं एकदा उघडून पाहा. प्लास्टिक पिवळं पडलेलं किंवा पितळ काळवंडलेलं दिसलं तर तिथली पकड सैल आहे. नवी लग (तारेच्या टोकाची धातूची चिमटी) दाबून बसवा आणि आणखी काही धुण्यांनंतर पुन्हा तपासा.